वाचक विचारतात : काहीच न घडलेल्या वर्षाचा इतिहास लिहिणारा माणूस

मागच्या अंकात एका पोराला उत्तर देताना मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो, की उशिरा अभ्यासाला लागलेला माणूस बघायचा असेल तर रे हुआंग बघ. बस्स, एवढंच. मला वाटलं कुणाचं लक्षसुद्धा जाणार नाही. पण त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले तेवढे माझ्या दिवाळी अंकातल्या सात पानी लेखावर आले नव्हते (तो लेख कंटाळवाणा होता असं घरूनच सांगण्यात आलं, असो). म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देऊन टाकली. औसा किल्ल्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी एक महिना दम धरावा, किल्ला कुठं पळून जात नाही.

सर नमस्कार. हा रे हुआंग नेमका कोण? आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतो चिनी, एक म्हणतो अमेरिकन, चहाची पैज लागलीय.
— एक वाचक, लातूर

दोन्ही तटांनी चहा पाजावा, कारण दोघंही बरोबर आहेत. हा इतिहासकार, चीनच्या जुन्या मिंग राजघराण्याच्या काळाचा अभ्यासक, आणि १५८७ या एकाच सालावरच्या पुस्तकानं नाव झालेला. चिनी नाव हुआंग रन-यू, तिकडं आडनाव आधी येतं म्हणून हुआंग पुढं. जन्म १९१८ चा, हुनान प्रांतातल्या चांगशा शहरातला, आणि शेवट २००० साली अमेरिकेत. मधल्या काळात माणसानं इतके धंदे केले की एका जन्मात मावत नाहीत.

बाप क्रांतिकारकांतला, मांचू बादशाही उलथवणाऱ्या संघटनेतला. पण पोराला काही क्रांती करायची नव्हती, त्यानं १९३६ ला तियानजिनच्या नानकाई विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली. आपल्याकडं घरोघरी चालतं तेच, पोरगं हुशार आहे ना मग घाल इंजिनिअरिंगला. पुढच्याच वर्षी जपानी फौजा आत घुसल्या, नानकाई विद्यापीठावर बॉम्ब पडले, झालं, इंजिनिअरिंग तिथंच संपलं. गावाकडं चांगशाला परत येऊन युद्धाच्या बातम्या देणाऱ्या एका छोट्या पेपरात चिकटला. त्या पेपरात एक होते तियान हान, ज्यांनी लिहिलेलं गाणं आज चीनचं राष्ट्रगीत आहे, आणि दुसरे लियाओ मोशा. हे दुसरं नाव ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. हे दोघं कम्युनिस्ट. हुआंग मात्र पेपर सोडून चांग कै-शेकच्या म्हणजे राष्ट्रवादी सरकारच्या लष्करी अकादमीत गेला, चेंगदूला, आणि १९४० ला पलटणीत खालच्या दर्जाचा ऑफिसर म्हणून लागला.

इथंच त्याचा खरा इतिहासाचा तास सुरू झाला असं माझं मत आहे, विद्यापीठात नाही. दक्षिणेकडच्या युन्नानच्या डोंगरात तीसचाळीस शिपाई हाताखाली, अर्धपोटी, अंगात उवा, बहुतेक सगळे खेड्यातून धरून आणलेले, आणि वरून ऑर्डर येते ती कागदावर एकदम चकाचक. कागदावरचा देश वेगळा आणि पायाखालचा देश वेगळा, हे त्यानं विशी-बाविशीत बघितलं आणि मग जन्मभर तोच एक धागा उसवत बसला.

सर माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्मा फ्रंटला होते, ते सांगायचे की तिथं चिनी सोल्जर बी होते. तुमचा हा माणूस भारतात आला होता असं ऐकलं, खरं आहे का?
— एक वाचक, उदगीर

तुमच्या आजोबांनी बरोबर सांगितलं बघा. आणि हो, हुआंग आला होता, १९४३ च्या फेब्रुवारीत.

झालं असं की १९४२ ला जपान्यांनी बर्मा घेतला आणि चीनला जाणारा जमिनीवरचा रस्ता बंद झाला. तिथून मागं हटलेल्या चिनी फौजेचा एक भाग भारतात शिरला, आणि त्यांच्यासाठी तेव्हाच्या बिहारात, आताच्या झारखंडात, रामगडला मोठा ट्रेनिंग कॅम्प उघडला. रामगड म्हणजे १९४० ला काँग्रेसचं अधिवेशन झालं तेच. त्याच कॅम्पात आधी इटालियन युद्धकैदी ठेवलेले. हत्यारं आणि ट्रेनिंग अमेरिकेचं, राशन-पगाराचा भार इंग्रजांवर, आणि माणसं चीनची, विमानात कोंबून हिमालयावरून आसामात उतरवायची आणि तिथून रेल्वेनं रामगड. युन्नानात जे शिपाई अन्नान्न करायचे तेच इथं चार महिन्यांत अंगानं भरले, पगार वेळेवर, बूट पायात, आणि तेच शिपाई मग चांगले लढले. माणूस तोच, फरक पडला तो पुरवठ्यात. ही गोष्ट हुआंगच्या डोक्यात पक्की बसली.

मग आसामातल्या लेडोपासून बर्मात रस्ता बांधत बांधत फौज पुढं सरकली. हुआंग आघाडीवर होता आणि तिथूनच चिनी पेपरला लढाईचे रिपोर्ट लिहून पाठवायचा, ऑफिसर बी आणि वार्ताहर बी. मे १९४४ मध्ये मित्चिना इथं त्याच्या मांडीतून गोळी आरपार गेली. वाचला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले, वय फक्त ३२. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी हा चांगशाचा पोरगा भारतात उतरतो. दोघांची भेट व्हायचा प्रश्नच नव्हता, कोटणीस कम्युनिस्टांच्या मुलखात आणि हा त्यांच्या विरोधी फौजेतला. पण नकाशावर दोन बोटं ठेवून बघितलं की मला तरी जरा गलबलून येतं.

आदरणीय सर, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ३९, दोन लेकरं. इतिहासात पीएचडी करायची फार इच्छा आहे पण स्टाफरूममध्ये विषय काढला की सगळे हसतात, आता या वयात कामून म्हणतात. घरचे बोलत नाहीत पण त्यांच्या तोंडावर दिसतं. तुम्ही लिहिलं होतं उशिरा अभ्यासाला लागला म्हणून, म्हणजे किती उशिरा?
— एक वाचक, गेवराई

ताई, आधी हिशोब देतो मग बाकीचं.

युद्ध संपल्यावर हुआंगला अमेरिकेतल्या लष्करी स्टाफ कॉलेजात वर्षभर पाठवलं, मग जपानमधल्या चिनी मिशनवर. तोवर १९४९ ला चीनमध्ये कम्युनिस्टांचं राज्य आलं, ज्या फौजेत हा ऑफिसर होता ती फौजच हरली, आणि १९५० ला नोकरी संपली. घर गेलं, देश गेला, हुद्दा गेला. १९५२ ला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात कॉलेजच्या पोरांच्या शेजारी जाऊन बसला तेव्हा वय ३४. पदवी ३६ व्या वर्षी. एमए ३९ व्या वर्षी, म्हणजे तुमचं आत्ताचं वय. पीएचडी १९६४ ला, वय ४६.

आणि पैसा कुठून, तर हॉटेलात भांडी विसळली, लिफ्ट चालवली, नकाशे-ड्रॉइंग काढायचं काम केलं. कालपरवापर्यंत ज्याला शिपाई सॅल्यूट ठोकायचे तो माणूस लिफ्टमध्ये उभा राहून कितवा मजला साहेब असं विचारतोय. तुमच्या स्टाफरूममधलं हसू त्यापुढं काहीच नाही हो.

गंमत पुढं आहे. त्याच्या प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्यांत यु यिंग-शी नावाचे प्राध्यापक होते, तेही चीनमध्येच जन्मलेले, तियानजिनचे, पुढं प्रिन्स्टनला गेले आणि फार मोठे इतिहासकार झाले, २००६ चा क्लूग पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचा जन्म १९३० चा. म्हणजे गाईड स्टुडंटपेक्षा १२ वर्षांनी लहान! आपल्याकडं गाईड वयानं लहान निघाला की विद्यार्थी त्याच्या नमस्काराला पण कुचमतो. हुआंगनं असला काही मानापमान केल्याचं दिसत नाही. विषय कोणता तर मिंग घराण्याच्या काळातला ग्रँड कॅनॉल, म्हणजे दक्षिणेतलं धान्य उत्तरेला बीजिंगला पोचवणारा कालवा. पुन्हा तेच बघा, पुरवठा. शिपाई उपाशी का राहतो या प्रश्नाचं उत्तर शोधायला गडी चारशे वर्षं मागं गेला.

आणि अभ्यास कसा? मिंग दरबाराची रोजनिशीवजा बखर आहे, छापील १३३ खंड. त्यानं तो पूर्ण संच विकत घेतला आणि अडीच वर्षं लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचून काढला. मी आयुष्यात कुठल्याच गोष्टीचे १३३ खंड वाचले नाहीत, खोटं कशाला सांगू.

तेव्हा ताई, तुम्ही पेटचा, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरा. सहा वर्षांनी तुमचं वय ४५ होणारच आहे, पीएचडी केली तरी आणि नाही केली तरी. फक्त एक सांगतो, गाईड निवडताना नाव बघू नका, वेळ देतो का ते बघा. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचं एक प्रकरण एका ठिकाणी चौदा महिने टेबलावर पडून होतं आणि परत आलं तेव्हा त्यावर चहाचा गोल डाग सोडून दुसरी कुठलीच दुरुस्ती नव्हती.

सर त्याच्या पुस्तकाबद्दल सांगा ना, १५८७ हेच साल का घेतलं? त्या साली काय मोठी लढाई वगैरे झाली होती का?
— एक वाचक, पैठण

नाही. काहीच झालं नाही, म्हणूनच घेतलं. पुस्तकाच्या इंग्रजी नावातच, '1587, A Year of No Significance', त्यानं म्हणून ठेवलंय की हे बिनमहत्त्वाचं साल आहे. चिनी आवृत्तीचं नाव तर अजून साधं, वानलीचं पंधरावं वर्ष. वानली म्हणजे तेव्हाचा मिंग बादशहा.

आता तुम्ही पैठणचे म्हणून विचारतो, १५८७ ला तुमच्या गावात काय चाललं होतं? नाथमहाराज होते! एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ धरतात, म्हणजे त्या साली ते गोदाकाठी होते, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार होऊन तीनेक वर्षं झालेली. आणि राज्य कुणाचं, तर निजामशाहीचं, गादीवर मुर्तझा निजामशहा, ज्याला लोक दिवाणा म्हणायचे, जो कारभार दुसऱ्यांवर सोडून स्वतःला कोंडून घेऊन बसायचा आणि १५८८ ला ज्याला त्याच्याच पोरानं मारलं. हे आठवलं की हुआंगचं पुस्तक आपल्याला एकदम घरातलं वाटायला लागतं, कारण त्याच वेळी तिकडं बीजिंगमध्ये दुसरा एक बादशहा असाच कारभारावर रुसायला लागला होता.

पुस्तक उघडतं ते एका अफवेनं. १५८७ चा मार्च महिना, दुपारी बीजिंगमध्ये आवई उठते की बादशहानं दरबार बोलावलाय. झालं, सगळे लहानमोठे अधिकारी जेवण टाकून, धापा टाकत राजवाड्याकडं पळतात. तिथं गेल्यावर कळतं की दरबार वगैरे काही नाही. चौकशी होते, अफवा कुणी उठवली ते सापडत नाही, आणि शेवटी राजधानीतल्या सगळ्या अधिकाऱ्यांचा दोन महिन्यांचा पगार कापला जातो. आता ही काय इतिहासात लिहायची गोष्ट आहे का? पण हुआंग म्हणतो हीच आहे, कारण एवढ्या मोठ्या राज्यात दरबार आहे की नाही हे पण कुणाला धड माहीत नव्हतं.

मग तो एकेक माणूस घेतो. वानली, जो नऊ वर्षांचा असताना १५७२ ला गादीवर बसला. त्याचा गुरू आणि सर्वेसर्वा प्रधान झांग जुझेंग, कडक, जमिनी मोजायला लावणारा, १५८२ ला मेला आणि दोनच वर्षांत त्याची इस्टेट जप्त, ज्यांनी पाय धरले त्यांनीच पाय ओढले. त्यानंतरचा प्रधान शेन शीशिंग, मवाळ, सगळ्यांना सांभाळून घेणारा, आपल्याकडं सहकारी संस्थेचा चेअरमन असतो तसा. बादशहाला धाकट्या बायकोचा पोरगा वारस करायचा होता, अधिकारी म्हणाले रीत मोडता येणार नाही, थोरलाच. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि बादशहानं काय करावं, तर संप! दरबार बंद, भेटी बंद, रिकाम्या जागा भरायच्या बंद. आंदोलन मंत्रालयासमोर होतं हे आपल्याला माहिती होतं, इथं मंत्रालयच आंदोलनाला बसलेलं.

माझा सगळ्यात आवडता भाग हाय रुईचा. हा एकदम धुतल्या तांदळासारखा अधिकारी. आईच्या वाढदिवसाला त्यानं दोन शेर मटण घेतलं तर ती बातमी झाली, की हाय साहेबांनी मटण घेतलं म्हणे. १५६६ ला तेव्हाच्या बादशहाला, म्हणजे वानलीच्या आजोबाला, तू कसा वाईट राजा आहेस असा सरळ अर्ज लिहिला आणि त्याआधी स्वतःसाठी शवपेटी घेऊन ठेवली. आपल्याला वाटतं आता लेखक याला डोक्यावर घेणार. हुआंग घेत नाही. तो म्हणतो माणूस कितीबी सच्चा असला तरी कायदा, मोजमाप, जमाखर्च यांची व्यवस्थाच नसेल तर एकट्याच्या सच्चेपणानं काही हलत नाही, उलट गोंधळ वाढतो. हे वाचून मला राग आला होता आधी. मग आपल्याकडचे एकदोन असे कलेक्टर आठवले, वर्षाला बदली आणि गेल्यावर सगळं परत जैसे थे, आणि मग राग गेला.

हाय रुई १५८७ ला वारला. सेनापती ची जिग्वांग, ज्यानं समुद्री चाच्यांना शेतकऱ्यांची फौज उभी करून हरवलं, तो त्याच चिनी वर्षात, म्हणजे इंग्रजी १५८८ च्या सुरुवातीला, गरिबीत आणि मर्जीतून उतरलेला असा गेला. तत्त्वज्ञ ली झीनं १५८८ ला डोकं भादरलं, आणि पुढं १६०२ ला तुरुंगात वस्तऱ्यानं गळा कापून घेतला. चांगला, वाईट, कडक, मऊ, शूर, बंडखोर, सगळेच हरले. पुस्तक म्हणजे एवढंच. कुणी खलनायक नाही, म्हणूनच ते जास्त भीतीदायक आहे.

हुआंगचा 'आकड्यांनी कारभार' हा काय सिद्धांत आहे? मी बँकेतून रिटायर झालो, ३४ वर्षं आकडेच बघितले, त्यानं काही राज्य सुधारल्याचं दिसलं नाही.
— एक वाचक, परभणी

तुमचा टोमणा कळला साहेब, पण नाथमहाराजांचाच दाखला देतो, विषय निघालाच आहे तर. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं असताना नाथांकडं हिशोबाचं काम होतं. एका रात्री एक पैची चूक निघेना, सगळे झोपले, हे दिव्याजवळ कीर्द घेऊन बसलेले, आणि पहाटे चूक सापडली तर आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग हेच ध्यान देवाकडं लावलं तर? आपण सगळे ही कथा भक्तीसाठी सांगतो. हुआंग तिथं असता तर म्हणाला असता, स्वामी, तुम्ही त्या पोराला वहीवरून उठवू नका!

त्याचं म्हणणं साधारण असं, की राज्य चालवायला मोजता येणारे, तपासता येणारे आकडे लागतात, नुसती नीती पुरत नाही. मिंग राज्यात अकराशेच्या वर जिल्हे आणि सगळ्या देशाला मुलकी अधिकारी जेमतेम वीस हजार. पहिल्या बादशहानं चौदाव्या शतकात सारा ठरवून दिला, मुद्दाम कमी ठेवला, आणि तोच आकडा पुढं दोनशे वर्षं आधार म्हणून चालला. जमीन वाढली, लोक वाढले, चांदी आली, वहीतला आकडा मात्र पणजोबाच्या काळातला. शिवाय मध्यवर्ती खजिना असा नाहीच. एका जिल्ह्यानं दहा ठिकाणच्या छावण्यांना थोडं थोडं पोचवायचं आणि एका छावणीला दहा जिल्ह्यांकडून थोडं थोडं यायचं, मध्ये एक जिल्हा चुकला की तिथले शिपाई उपाशी. वर मात्र सगळं नीतीच्या भाषेत, अमुक अधिकारी सद्गुणी, तमुक दुर्गुणी. मोजताच येत नाही म्हणून मग माणसाच्या चारित्र्यावर बोलायचं. यावरचं त्याचं जाडजूड संशोधन १९७४ ला केंब्रिजनं छापलं, सोळाव्या शतकातल्या मिंग करव्यवस्थेवरचं, आणि खरं सांगायचं तर बिनमहत्त्वाच्या सालाचं ते गोष्टीसारखं पुस्तक याच कोरड्या पायावर उभं आहे.

पैसेवारी आठवते ना? ५० पैशांच्या खाली आली तर दुष्काळ, वर गेली तर नाही, असं धरायचे. पीक किती आलं हे शेतात ठरतं का टेबलावर, हे परभणीच्या माणसाला मी काय सांगावं. तेव्हा आकडे असणं वेगळं आणि आकडे खरे असणं वेगळं. आपल्याच मुलखात वानलीच्याच काळात मलिक अंबर नावाचा हबशी, गुलाम म्हणून आलेला परदेशी माणूस, जमिनीचा कस आणि पीक बघून सारा ठरवायची पद्धत बसवत होता. हुआंगला तो फार आवडला असता.

पण तुमचं पण थोडं बरोबर आहे. हुआंगला एक किल्ली सापडली आणि मग तो दिसेल त्या कुलपाला तीच लावत सुटला. पुढच्या पुस्तकांत, १९८८ च्या चीनच्या पूर्ण इतिहासात तर फारच, हजारो वर्षं एका दमात सांगायची आणि शेवटी पुन्हा आकड्यांवर यायचं. यावर अभ्यासकांनी टीका केली, आजचं माप जुन्या काळाला लावलं म्हणून, आणि मला ती टीका पटते. करव्यवस्थेचं पुस्तक आणि १५८७, ही दोन पक्की. बाकीची वाचताना मीठ घेऊन बसावं.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, नववं वर्ष. असं वाचलं की रे हुआंगला पण नोकरीवरून काढलं होतं. एवढं मोठं पुस्तक लिहिणाऱ्याला कोण काढेल?
— एक वाचक, हिंगोली

काढलं. आणि पुस्तक छापून यायच्या आधी काढलं, हा त्यातला खरा चटका.

पीएचडीनंतर दोन वर्षं इलिनॉयमध्ये, मग थोडं कोलंबियाला, आणि १९६८ पासून न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठात, न्यू पाल्ट्झ नावाच्या गावात. मोठं नावाजलेलं कॅम्पस नव्हे. मधे हार्वर्डच्या संशोधन केंद्राची फेलोशिप मिळाली तर तिथल्या मोठ्या प्रोफेसरशी, जॉन फेअरबँकशी, पटलं नाही, ते म्हणायचे छोटा काळ, छोटा विषय घे, आणि याला सगळी व्यवस्था उलगडून दाखवायची. उलट इंग्लंडात जोसेफ नीडहॅमशी जमलं, चिनी विज्ञानाच्या इतिहासाच्या त्या अवाढव्य प्रकल्पात १९७२-७३ ला वर्षभर त्यांच्याबरोबर काम केलं.

१५८७ चं हस्तलिखित १९७६ लाच तयार होतं. विद्यापीठांचे प्रकाशक म्हणाले हे गोष्टीसारखं आहे, आमच्याकडं नको. बाजारातले प्रकाशक म्हणाले हे अभ्यासाचं आहे, आमच्याकडं नको. इकडं वर्गात पोरं कमी, राज्याच्या बजेटला कात्री, आणि मार्च १९७९ ला पत्र आलं की तुमची जागा पुढच्या वर्षी राहणार नाही. ऑगस्ट १९८० ला नोकरी संपली, वय ६२. पुस्तक छापणारा येल विद्यापीठाचा प्रकाशक तोवर कसाबसा मिळालेला होता, पण पुस्तक बाहेर आलं ते १९८१ ला. म्हणजे वेळ जरा पुढंमागं झाली असती तर.. जाऊ द्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. अमेरिकन बुक अवॉर्डसाठी ते दोनदा, १९८२ आणि १९८३ ला, नामांकित झालं. नोकरी काही परत मिळाली नाही.

आणि आता ते नाव, ध्यानात ठेवा म्हटलेलं. हुआंगनं पुस्तक स्वतःच चिनी भाषेत पुन्हा लिहिलं, हस्तलिखित ओळखीच्यांच्या हातातून बीजिंगला पोचलं आणि १९८२ ला तिथल्या नामांकित झोंगहुआ प्रकाशनानं छापलं. मुखपृष्ठावरची अक्षरं कुणी लिहून दिली? लियाओ मोशानं, चांगशाच्या पेपरातल्या त्याच जुन्या सोबत्यानं. आता यात काय विशेष, तर हाय रुईवर एक नाटक लिहिलं म्हणून मिंग काळाचे इतिहासकार वू हान यांच्यावर माओच्या सांस्कृतिक क्रांतीचा पहिला वार झाला, आणि त्यांच्यासोबत आणखी दोन लेखकांना गोवलं, देंग तुओ आणि हेच लियाओ मोशा. देंगनं १९६६ ला जीव दिला, वू हान १९६९ ला कैदेत वारले, तिघांतले एकटे लियाओ वाचले. आणि त्याच हातानं, हाय रुईवर अख्खं प्रकरण असलेल्या पुस्तकाचं नाव लिहिलं. चाळीसेक वर्षांपूर्वी एका टेबलावर काम केलेले, मग एकमेकांच्या विरोधातल्या बाजूंना गेलेले दोन म्हातारे. मी त्या मुखपृष्ठाचा फोटो बराच वेळ बघत बसलो होतो.

आपल्याकडं इतिहासकार कमी आहेत का? चिनी माणसाचं कौतुक कशाला? चीन आपला दुश्मन आहे हे विसरू नका.
— एक वाचक, धाराशिव

विसरलो नाही. हा माणूस ज्या फौजेत होता ती फौज आजच्या चिनी सरकारच्या पक्षाशी लढून हरलेली, एवढं तुम्हीही विसरू नका. आणि आपल्यांचं म्हणाल तर निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी आहेतच, सरकारी अधिकारी असून गोंडी शिकले, फारसी कागद वाचून इतिहास लिहिला. त्यांच्यावर या सदरात लिहून झालंय आणि परत लिहीन. कौतुकाला काही रेशनकार्ड लागत नाही हो.

सर मी बीए सेकंड इयरला आहे. हे पुस्तक चीनमध्ये आता कोण वाचतं का? आणि तो सिनेमा थिएटरमध्ये वारला हे खरं का?
— एक वाचक, जालना

वाचतात म्हणजे काय! २०१७ ला तिकडं भ्रष्टाचारावरची एक टीव्ही सिरीयल तुफान चालली, त्यात एक बडा अधिकारी, वरून विद्वान आणि आतून बरबटलेला, तो या पुस्तकाचा भक्त दाखवलाय, लोकांना उतारे ऐकवत असतो. सिरीयल बघून लोक दुकानात गेले आणि पस्तीस वर्षांचं जुनं पुस्तक पुन्हा धडाधड खपलं. सच्चेपणानं एकट्याला काही करता येत नाही असं सांगणारं पुस्तक लाचखोराला का आवडावं, यावर तुमच्या सरांना वर्गात विचारा, तास मस्त जाईल.

आणि हो, खरं आहे. ८ जानेवारी २०००, न्यूयॉर्क राज्यात, बायकोबरोबर पिक्चर बघायला गेला होता, तिथंच हृदयविकाराचा झटका आला. वय ८१. आत्मचरित्र त्यानं ऐंशीच्या दशकातच इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, पण आपण गेल्याशिवाय छापायचं नाही असं बजावलेलं, त्यामुळं ते २००१ ला चिनी भाषेत, तैवानमध्ये आलं. त्यात युन्नानच्या उवा पण आहेत आणि न्यू पाल्ट्झचं पत्र पण.

तू वाचायला सुरू करशील तर पहिल्या पानापासून नको, नावांनी डोकं गरगरतं. हाय रुईच्या प्रकरणापासून कर, मग मागं जा.

गेवराईच्या ताई, फॉर्म भरलात की कळवा. पुढच्या अंकात औसा.